बोटाला लागलेली पूड

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत रात्री दिवा लागला की भिंतीवरची पाल कामाला लागायची. सकाळी केर काढताना तिच्या जेवणाचा हिशोब जमिनीवर पडलेला असायचा. बहुतेक पतंगांचे पंख, आणि एखाद्या दिवशी वाट चुकून दिव्यावर आलेल्या फुलपाखराचा एखादा. मी ते उचलायचो आणि आजी आतून ओरडायची, "टाक ते आधी! पूड डोळ्यांत गेली तर आंधळा होशील." पंख मी टाकायचो, पण बोटाला लागलेली पूड तशीच राहायची. राखाडी, कधी पिवळट, बोट उन्हात धरलं तर किंचित चमकणारी.

आजीचा धाक खोटा होता. त्या पुडीने डोळे चुरचुरतील, लाल होतील, आंधळं कुणी होणार नाही. पण दुसरा एक समज आहे आणि तो शिकल्यासवरल्या माणसांतही पक्का आहे: पूड निघाली की फुलपाखराला उडता येत नाही. पावसाळा सरता सरता बागेत नीट बघा. काठ फाटलेली, रंग विटून पंखाची काच दिसायला लागलेली म्हातारी फुलपाखरं आरामात फिरत असतात. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांची पूड मुद्दाम काढून त्यांना उडवून पाहिलं. ती उडाली. वर चढण्याची त्यांची कार्यक्षमता मात्र साधारण एक तृतीयांशाने घटली. गाडी बंद पडत नाही, पेट्रोल जास्त लागतं, असं म्हणू.

मागच्या प्रकरणात कोष फुटून फुलपाखरू बाहेर आलं आणि पंख वाळवत बसलं, तिथे आपण थांबलो होतो. आता भिंग हातात घ्यायचं.

बोटावरच्या पुडीचा एकेक कण म्हणजे एकेक खवला. बाजारात मासळी साफ करताना सुरीखालून उडतो तो खवला नखाएवढा असतो. हा लांबीला जेमतेम एक दशांश मिलिमीटर, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा, आणि रुंदीला त्याच्या निम्मा. पंखाच्या एका चौरस मिलिमीटरवर असे २०० ते ६०० खवले बसतात. करंगळीच्या नखाएवढा पंख घेतला तर त्याच्या एका बाजूला २० हजारांपासून ६० हजारांपर्यंत. पंखाला बाजू दोन आणि पंख चार. पुढचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

हे खवले कसे बसवलेले असतात ते सांगायला मला पुन्हा आमच्या पडवीकडेच जावं लागतं. तिच्यावर नळीची कौलं होती. खालची उताणी, वरची पालथी, आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या डोक्यावर थोडी चढलेली. पंखही असाच शाकारलेला असतो. खाली खवल्यांचा एक थर, त्यावर झाकणीचा दुसरा थर, आणि सगळ्या ओळी पंखाच्या मुळापासून काठाकडे उतरत गेलेल्या. प्रत्येक खवल्याला बारीकसा देठ असतो आणि तो देठ पंखाच्या पारदर्शक पापुद्र्यातल्या खोबणीत नुसता खोवलेला असतो. म्हणून बोट लागलं की खवला निघतो. निघाला की त्या जागी दुसरा येत नाही, कारण त्याला घडवणारी पेशी केव्हाच मेलेली असते.

स्वीडनच्या लिनिअसने कीटकांची गणवारी लावताना या मंडळींना 'लेपिडॉप्टेरा' म्हटलं. ग्रीक भाषेत 'लेपिस' म्हणजे खवला आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. हेलिकॉप्टरच्या शेपटीला लागलेला 'प्टर' तोच. आपण खवलेपंखी म्हणू. पतंगही याच गणातले, आणि संख्येने फुलपाखरांच्या कितीतरी पट. खरं तर पतंगांच्या मोठ्या घराण्यातली दिवसा हिंडणारी एक पाती म्हणजे फुलपाखरं, पण कौतुक सगळं त्यांच्या वाट्याला आलं.

खवला तयार होतो कोषात. पंखाच्या कोवळ्या कातडीतली एक पेशी विभागते. तिच्या लेकींपैकी एक खवला बनवते, दुसरी त्याची खोबण. इतर कीटकांच्या अंगावर जे राठ केस असतात त्यांची घडणही अशीच, म्हणून खवला म्हणजे चपटा झालेला केस असं कीटकशास्त्रज्ञ मानतात. खवल्याची पेशी फुग्यासारखी बाहेर येते, चपटी होते, स्वतःभोवती कायटिनचं कवच रचते आणि मरते. उरतं ते कवच. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पेंटेड लेडी फुलपाखराच्या कोषाला बारीक खिडकी पाडून जिवंत पंखावर खवले घडताना टिपले. पेंटेड लेडी आपल्याकडेही दिसते, हिवाळ्यात तर माळावर हमखास.

रंग भरला जातो तो अगदी शेवटी. कोषाचं कवच पातळ असेल तर फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी आतले पंख बाहेरून दिसायला लागतात. लाल-पिवळे भाग आधी उमटतात, काळा बहुधा सगळ्यांच्या मागून. आणि इथे एक नियम लक्षात ठेवायचा: एका खवल्याला साधारणपणे एकच रंग. फुलपाखराच्या पंखावर काळ्यातून निळ्यात हळूहळू विरत जाणारी जी छटा दिसते, ती भिंगाखाली काळे खवले आणि निळे खवले अशी सुटी होते. छापील फोटोवर भिंग धरल्यावर ठिपके दिसतात तसंच.

मग कुठल्या खवल्याने कुठला रंग घ्यायचा हे ठरवतं कोण? पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या पंखांवर डोळ्यासारखे गोल ठिपके असतात. त्यांच्यातल्याच एका अमेरिकन बहिणीवर फ्रेड नायहाउट यांनी १९८०च्या सुमारास प्रयोग केले. कोष कोवळा असताना त्यांनी भावी ठिपक्याच्या मधोमध तापलेल्या सुईने डाग दिला. ठिपका लहान झाला किंवा उमटलाच नाही. मग त्यांनी तोच मधला बिंदू काढून पंखावर दुसरीकडे कलम केला, तर तिथे नवा डोळा उमटला, जिथे त्या जातीला तो कधीच नसतो. मधल्या मोजक्या पेशी आजूबाजूला हाकाटी पिटतात. जवळ ऐकू आलं त्यांनी काळं व्हायचं, लांबून ऐकलं त्यांनी पिवळं. या हाकाटीचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो. आपल्याकडच्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पंखांखाली पावसाळ्यात ठसठशीत डोळे असतात आणि कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळजवळ पुसून पंख वाळक्या पानासारखा होतो. जात तीच, वंशही तोच.

अशा ओळीत बसलेल्या रंगीत ठिपक्यांचं वेड एका कादंबरीकाराला लागलं होतं. 'लोलिता' लिहिणारे व्लादिमिर नाबोकोव्ह १९४०च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांचा संग्रह सांभाळत. छोट्या निळ्या फुलपाखरांच्या पंखावरची खूण नेमकी कुठे आहे हे सांगायला त्यांनी खवल्यांच्या ओळी मोजायची पद्धत बसवली; अमुक खूण मुळापासून इतक्याव्या ओळीत. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकात डोळा घालून त्यांनी स्वतःची दृष्टी खराब करून घेतली. या निळ्यांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या वाटेने टप्प्याटप्प्याने अमेरिकेत उतरले असं त्यांनी १९४५ मध्ये मांडलं. हौशी माणसाचा तर्क म्हणून तो पडून राहिला. २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने तो खरा ठरला, पण तोवर नाबोकोव्ह जाऊन ३४ वर्षं झाली होती.

आता रंगांकडे. काही रंग खवल्यात भरलेले असतात, आपण कापड रंगवतो तसे. काळा आणि तपकिरी हे मेलानिनचे, आपल्या कातडीत असतं तेच. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांची गोष्ट मात्र वेगळी आणि ती मला सांगायचीच आहे. फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स नावाच्या तरुण इंग्रज रसायनज्ञाने १८८९ मध्ये नोंदवलं की तिथल्या ब्रिमस्टोन या फुलपाखराच्या पंखाचा पिवळा रंग गरम पाण्यात सरळ उतरतो. पुढे या हॉपकिन्सना जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९चं नोबेल मिळालं, पण सुरुवात या पंखांपासून होती. जर्मनीत हाइनरिश वीलँड यांच्या प्रयोगशाळेत १९२०च्या दशकात ही द्रव्यं वेगळी केली गेली. पंखातून निघाली म्हणून त्यांना नाव मिळालं 'टेरिन'.

याच सुमारास, १९२८ मध्ये, ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की यीस्टचा अर्क, म्हणजे दुकानात मिळणारं मार्माइट, दिलं की या बायकांचं रक्त सुधारतं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. यीस्टमधलं ते गुणकारी द्रव्य म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला गोळी दिली जाते ते फॉलिक आम्ल, हे नंतरच्या दशकात ठरलं. त्याची रेणूरचना उलगडली तेव्हा तिच्या एका टोकाला बसलेलं निघालं टेरिन. हिरवळीवर पायाशी भिरभिरणाऱ्या इवल्या पिवळ्या ग्रास यलोच्या पंखाचा रंग ज्या कुळातला, त्याच कुळातला तुकडा. परळला मार्माइट चाटणाऱ्या त्या बायकांना, किंवा खुद्द विल्सबाईंना, याची तेव्हा कल्पना असणं शक्यच नव्हतं.

निळ्याचं गणित निराळं. पैठणीच्या धूपछाँव रंगात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की छटा बदलते, पण दोन्ही धागे रंगवलेले असतात. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखराच्या झगझगीत निळ्या पंखात निळा रंग औषधालाही नाही. तो खवला खलबत्त्यात कुटला तर निळी पूड मिळायची नाही, तपकिरी भुकटी मिळेल. प्रत्येक खवल्यावर लांबच लांब कणे असतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अंतराने. मॉर्फोत या प्रत्येक कण्याला दोन्ही बाजूंनी फळ्या फुटलेल्या असतात, एकावर एक, फडताळासारख्या. फळी कायटिनची, मधली फट हवेची. फळ्यांमधलं अंतर असं बेतलेलं असतं की सगळ्या फळ्यांवरून परतणाऱ्या किरणांतला निळा तेवढा एकमेकांना जोर देतो, बाकीचे एकमेकांना मारतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात त्याच जातीची ही करामत, फक्त कितीतरी नेटकी.

याचा सुगावा रॉबर्ट हूकला १६६५ मध्येच लागला होता. आपल्या 'मायक्रोग्राफिया' ग्रंथात त्याने मोरपिसाबद्दल लिहिलं की ते पाण्याने भिजवलं तर रंग जातात, वाळलं की परततात. म्हणजे रंग पिसाच्या पृष्ठभागाच्या घडणीत असला पाहिजे. पतंगाच्या पंखावरचे खवले पाहून त्यांनाही त्याने पिसंच म्हटलं होतं. मॉर्फोच्या पंखावर स्पिरिटचा थेंब टाकला तर हाच खेळ डोळ्यांसमोर होतो. फळ्यांमधल्या हवेची जागा स्पिरिट घेतं आणि निळा पंख तेवढ्यापुरता हिरवा पडतो. मिनिटभरात स्पिरिट उडून जातं, पंख पुन्हा निळा.

मॉर्फो आपल्याकडे नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. ग्रेट एगफ्लाय पुण्या-मुंबईच्या बागांतही दिसतो. नराचे पंख काळे आणि त्यांवर पांढरे गोल. एका जागेवरून बघितलं तर एवढंच. दोन पावलं बाजूला सरका, त्या गोलांभोवती जांभळ्या-निळ्या रंगाचं कडं पेटतं आणि नर वळला की विझतं. त्यातला मोठा हिस्सा आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा असतो. फुलपाखरांना तो दिसतो. ज्यांची ही चमक जास्त त्या नरांना माद्या पसंत करतात असं ऑस्ट्रेलियात याच जातीवर केलेल्या प्रयोगांत आढळलं. खवले झडले की चमक उतरते, त्यामुळे वय लपवता येत नाही.

रंगाचं एवढं पुराण लावल्यावर कबूल करतो की रंग हे खवल्याचं एक काम झालं. कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आइस्नर यांनी १९६४ मध्ये कोळ्याच्या जाळ्यावर वेगवेगळे कीटक टाकून पाहिले. बाकीचे चिकटून बसले. खवलेपंखी मात्र खवले डिंकावर सोडून निसटले. जाळ्यावर त्यांच्या आकाराचा पांढुरका ठसा तेवढा राहिला. यावर उतारा काढणारे कोळीही आहेत. न्यू गिनी आणि अमेरिकेत काही कोळी मीटरभर उंच शिडीसारखं जाळं विणतात. पतंग सुटतो, खाली गडगडतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, आणि खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याचे खवले संपलेले असतात.

पावसाचा थेंब पंखावर टिकत नाही तो खवल्यांच्या खडबडीत कण्यांमुळे. अळूच्या पानावरून पाणी घरंगळतं तसा तो घरंगळतो आणि जाताना धूळही नेतो. सकाळी पंख पसरून बसलेलं फुलपाखरू अंगाजवळच्या गडद खवल्यांवर ऊन झेलून उडण्याइतकं तापत असतं. पतंगांच्या बाबतीत आणखी एक: त्यांच्या अंगावरची आणि पंखांवरची खवल्यांची लव वटवाघळाचा आवाज गिळते, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण होतो. दिवसा उडणाऱ्यांना त्याची फारशी गरज नाही.

काही खवले वासाचे असतात. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू रुईच्या आसपास सगळीकडे असतं. त्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळा फुगीर ठिपका जास्तीचा दिसला तर तो नर समजायचा. ते त्याचं अत्तरदाणीचं झाकण. या नरांना अत्तराचा कच्चा माल बाहेरून मिळवावा लागतो. माळावर खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या वाळलेल्या, चुरगळलेल्या फांदीवर टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांची झुंबड उडालेली दिसते. तिथे फूल नसतं, मध नसतो. ती त्या झाडांमधली कडू अल्कलॉइडं चोखत असतात. त्यातून नर वास बनवतात आणि पोटाच्या टोकातून केसांचे कुंचले बाहेर काढून मादीवर तो शिंपडतात.

खवले पंखांपुरतेच असतात असंही नाही. पोट, छाती, पाय, सगळीकडे असतात. पायांवरून आठवलं, रुईवरचा हाच टायगर जवळून बघितला तर चारच पायांवर उभा दिसेल. कीटकाला पाय सहा. पुढची जोडी त्याने छातीशी दुमडून ठेवलेली असते, आणि ती चालायच्या कामाची राहिलेली नसते. पानावर उतरलेली मादी याच बारक्या पायांनी पानावर टपटप करते आणि चव घेऊन ठरवते, अंडी इथे घालायची की नाही. मिशीचं टोक गदेसारखं जाड असेल तर फुलपाखरू, कंगव्यासारखं किंवा निमुळतं असेल तर बहुधा पतंग. सोंडेला मात्र दोन ओळींत उरकणं अन्याय होईल. तिला पुढचं अख्खं प्रकरण दिलं आहे.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याचा भाऊबंद कॉमन मॉर्मन कढीलिंबावर अंडी घालतो, त्यामुळे तो घरच्याच आवारातला. याची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखी, उरलेल्या दोन कॉमन रोज आणि क्रिमसन रोज या विषारी फुलपाखरांची नक्कल. खवल्यांच्या रंगांची एवढी मोठी उलथापालथ बरीच जनुकं मिळून करत असतील असा समज होता. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की कळ एकाच जनुकात आहे. त्याचं नाव डबलसेक्स, आणि कीटकांत त्याचं मूळ काम नर-मादीचे फरक ठरवण्याचं.

हे सगळं वाचून खवला स्वतः पाहावासा वाटला तर खर्च काही नाही. जिवंत फुलपाखराला हात लावू नका. सकाळी दिव्याखाली पडलेला पतंगाचा पंख घ्या, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी अलगद दाबून उचला आणि ती पट्टी काचेवर चिकटवून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठी करून बघा. देठ दिसतील. पट्टीला चिकटलेला खवला सुटा करता येत नाही, एवढीच अडचण.

नेदरलँड्सच्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यापुढे हीच अडचण होती. उत्तर जर्मनीत जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या दगडाच्या गाभ्यात परागकण शोधताना त्याला काही खवले सापडले, आणि ते एकेक उचलायचे होते. चिमटा चालेना, ब्रश चालेना. शेवटी सुईच्या टोकाला माणसाच्या नाकातला केस लावला, तेव्हा जमलं. असे सुमारे ७० खवले आणि त्यांचे तुकडे मिळाले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांतले काही पोकळ होते, आणि तसे पोकळ खवले आज फक्त सोंडवाल्या खवलेपंखींना असतात. दगडाचं वय निघालं सुमारे २० कोटी वर्षं. फुलांचे आजवर मिळालेले सर्वांत जुने निर्विवाद अवशेष साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.